डूलॅली म्हणजे आपली देवळाली!

परवा कॉलवर लंडनचा क्लायंट वैतागून म्हणाला, "सर्व्हर डूलॅली झालाय." म्हणजे त्याचं डोकं फिरलंय! शब्दाचं मूळ शोधलं तर निघाली आपली देवळाली. सापगावला घरी जाताना मी लोकलने आसनगावला उतरतो. तीच लाइन पुढे कसारा घाट चढून, इगतपुरीवरून देवळालीला जाते.

घाटातून रेल्वे इगतपुरीला पोचली १८६५ साली. देवळालीला ब्रिटिशांची मोठी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई इथे येऊन मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघायचे. बोटी मिळायच्या साधारण नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली तो बिचारा कित्येक महिने अडकलाच. हाताला काम नाही. मग दारू, मारामाऱ्या, कोठडी... वर मलेरिया. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायाने १९३६ सालच्या आठवणींत हे लिहून ठेवलंय.

मूळ शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप'. हा टॅप नळाचा नव्हे, आपला ताप! 'डोक्याला ताप' आपणही रोज म्हणतोच की. इंग्रजीत पुढे ताप उतरला, गावाचं नाव तेवढं चिकटून राहिलं.

खरं तर देवळालीची हवा थंड, मुंबईचे पारशी हवापालटाला तिथे जात. त्यामुळे मला तरी वाटतं, दोष उन्हापेक्षा रिकामं बसण्याचा जास्त. बेंचवर चार महिने काढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

क्लायंटला हे सगळं सांगितलं. त्याची आजी हा शब्द सारखा वापरायची म्हणे. डूलॅली नावाचं गाव आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.