गेवराईचा वीरगळ, अजिंठ्याची काच आणि खिशातला मोबाइल

10 ऑगस्ट 1763. राक्षसभुवनापाशी गोदावरीला पूर आलेला. निजामअलीचे अर्धे सैन्य पैलतीरी उतरले होते आणि उरलेले दिवाण विठ्ठल सुंदर याच्यासह दक्षिण तीरावर अडकले होते. थोरल्या माधवरावांनी आणि राघोबादादांनी नेमके तेव्हाच त्यांना गाठले. विठ्ठल सुंदर रणात पडला. हे राक्षसभुवन आज बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात आहे.

लढाईवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून हा थ्रेड तिच्याविषयी नाही. तेथे जाऊन आपण जी छायाचित्रे काढतो, त्यांच्याविषयी आहे. भर दुपारी आपण नदीकाठी पोहोचतो, मंदिर टिपतो, वाटेतल्या गावात मारुतीच्या पाराशी टेकवलेला एखादा वीरगळही टिपतो. घरी येऊन पाहावे तर वीर, घोडा, अप्सरा, शिवलिंग, सूर्यचंद्र सारे एकाच करड्या ठोकळ्यात विरघळलेले! दगड झिजत चालला आहे आणि कदाचित त्याचे हे एकच चित्र कोणापाशी उरणार आहे. ते वाचता येत नसेल, तर इतिहासाला त्याचा उपयोग नाही.

आपल्या मुलखात ही अडचण सर्वप्रथम ज्यांना आली, तेही हौशीच होते. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली स्थापन झाली. भारतातली ही पहिली. तिच्या सभासदांत इंग्रज अधिकारी व व्यापारी यांच्याबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. पेशा वैद्यकीचा, छंद कॅमेऱ्याचा. 1856 पासून जॉन्सन आणि हेंडरसन या दोघांनी मुंबईत खास हौशी छायाचित्रकारांच्या नावाने एक नियतकालिक चालवले, त्यात मूळ छायाचित्रे हाताने चिकटवलेली असत. खुद्द भाऊ दाजी अजिंठ्याचे शिलालेख वाचण्यात गढलेले होते. छायाचित्रण आणि पुराभिलेख यांची आवड एकाच घरात नांदत होती, ही गोष्ट मला फार सूचक वाटते.

आणि अजिंठ्यात होता रॉबर्ट गिल. 1844 साली मद्रास फौजेतल्या या अधिकाऱ्याला लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला रंगवण्यासाठी नेमले. लेणी तेव्हा निजामाच्या मुलखात होती, जसे आपले गेवराईही सप्टेंबर 1948 पर्यंत होते. वर्षानुवर्षे राबून केलेली त्याची मोठमोठी चित्रे लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली गेली आणि डिसेंबर 1866 च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. दरम्यान, 1856 च्या सुमारास गिलने कॅमेरा हाती घेतला होता. अजिंठा, वेरूळ, लोणार येथली त्याची छायाचित्रे 1864 मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपाने निघाली. ती उरली.

गिल ज्या पद्धतीने काम करत होता ती ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि वाळण्याआधी अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. मराठवाड्याच्या उन्हात तर कलोडियनमधला ईथर भराभर उडून जाई. अशा माणसाला एका वेळी पन्नास चित्रे काढून त्यांतले एक निवडण्याची चैन नव्हती. ऊन कोठून येते, सावली कधी सरकते, कॅमेरा कोठे उभा करावा, हे काच ओली करण्यापूर्वीच ठरवावे लागे. आजच्या हौशी माणसाने गिलकडून घ्यावे ते हेच. बटण दाबण्यापूर्वी त्या दगडाभोवती एक पूर्ण फेरी मारा.

वीरगळाचे कोरीवकाम आपल्याला दिसते ते त्याच्या सावल्यांमुळे. ऊन समोरून पडले की सावली नाहीशी होते आणि कोरीवकामही. पूर्वाभिमुख दगडावर सूर्योदयाचे ऊन सुंदर दिसते खरे, पण ते थेट समोरून येत असल्याने अक्षरे सपाट होतात. त्याच दगडाजवळ सकाळी अकराच्या सुमारास पुन्हा जा. ऊन वरून घासत खाली येते आणि झिजलेली रेघसुद्धा उठून दिसते. दक्षिणाभिमुख दगडाला सकाळ-संध्याकाळ बाजूने ऊन मिळते. सदासर्वकाळ सावलीत असलेल्या दगडापाशी अंधार पडल्यावर जावे, मोबाइल तिपाईवर स्थिर करावा आणि बॅटरी अगदी कडेला, दगडाला जवळजवळ टेकवून धरावी. ती वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवत चार चित्रे घ्यावीत. एकात न दिसलेले अक्षर दुसऱ्यात सापडते. अक्षरे उठावीत म्हणून खडू, तेल, हळद किंवा पाणी लावण्याची खोड मात्र कृपा करून सोडा.

दुसरी गोष्ट रंगाची. ओल्या काचेला निळा प्रकाश चटकन दिसे, तांबडा जवळपास दिसतच नसे. म्हणून त्या काळच्या छायाचित्रांत आकाश कोरे पांढरे आणि गेरूचा रंग काळाठिक्कर. अजिंठ्याची भित्तिचित्रे तर गेरू आणि तांबड्या मातीचीच! कॅमेरा हाताशी असूनही 1872 पासून ग्रिफिथ्स आणि जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी पुन्हा कुंचल्यानेच नकला करत बसले, त्याचे एक मोठे कारण हे. (त्यांतल्याही पुष्कळ नकला 1885 मध्ये लंडनच्याच आगीत गेल्या. अजिंठ्याच्या नकलांना लंडन मानवले नाही.)

आपल्या मोबाइललाही अशीच एक खोड आहे. त्याला प्रत्येक दृश्य मध्यम उजेडाचे हवे असते. दख्खनचा काळा पाषाण समोर आला की तो त्याला उजळवून राखाडी करतो आणि चुन्याची भिंत आली की मळकी करतो. पडद्यावर दगडाला बोट लावून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, काळा दगड काळा राहील. फार जवळ जाऊ नका, कडा फाकतात. दोन पावले मागे सरका आणि मोबाइल दगडाला समांतर धरा. शेजारी मोजपट्टी ठेवून एक चित्र घ्या. गाव, तारीख, वेळ, दगडाचे तोंड कोणत्या दिशेला, हे तेथेच वहीत लिहा. व्हॉट्सअॅपवर साधे पाठवलेले चित्र आक्रसते, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे आणि मूळ फाइल जपावी.

वही कशाला, असे वाटत असेल तर आणखी एक संग्रह आठवा. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता छायाचित्रण शिकलेले लाला दीनदयाळ पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, ‘राजा’ ही पदवी मिळवती झाले. राजवाडे, शिकारी, मेजवान्या यांची त्यांची चित्रे सर्वत्र दिसतात. पण 1899-1900 च्या दुष्काळात औरंगाबाद भागातल्या अन्नछत्रांची, तेथे आश्रयाला आलेल्या माणसांचीही चित्रे त्यांच्या नावावर आहेत. हाडांचे सापळे झालेल्या बाया, मुले कॅमेऱ्याकडे पाहत उभी आहेत. दरबाराच्या चित्राखाली सरदारांची नावे असतात. या माणसांच्या चित्राखाली जागेचे नाव आहे, त्यांचे नाही. ती गेवराईकडची होती की पैठणची, त्यांचे पुढे काय झाले, हे चित्र सांगू शकत नाही. काच उत्तम धुतली गेली होती. कोणी विचारून लिहून घेतले नाही, एवढेच.

तेव्हा वीरगळाला दर अमावस्येला शेंदूर लावणारी आजी चित्रात येणार असेल, तर आधी तिला विचारा, आणि ती हो म्हणाली तर तिचे नाव व ती त्या दगडाला काय म्हणते तेही लिहा.

राक्षसभुवनाला लढाईच्या तारखेलाच जायचे असेल, तर ऑगस्टात आकाश बहुधा झाकोळलेले असते. तो मऊ उजेड मूर्तींना आणि माणसांच्या चेहऱ्यांना चांगला, शिलालेखांना निरुपयोगी. लेख आणि वीरगळ दिवाळीनंतर घ्या. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आकाश स्वच्छ असते आणि गोदावरीचे पाणी उतरलेले असते.