पाच मिनिटांची शिदोरी

प. पू. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री १०८ शांतिसागर महाराज यांचा जन्म १८७२ साली भोजजवळील येळगूळ येथे पाटील घराण्यात झाला. १९२० साली यरनाळ येथे मुनिदीक्षा व १९२४ साली समडोळी येथे आचार्यपद, असा त्यांचा साधनामार्ग आपल्याच परिसरातून गेला.

पुढे दृष्टी मंदावली. सूक्ष्म जीवांचे रक्षण निर्दोषपणे होईना, तेव्हा १९५५ साली कुंथलगिरी क्षेत्री महाराजांनी सल्लेखना स्वीकारली. ८ सप्टेंबर रोजी, उपवासाच्या २६ व्या दिवशी, त्यांनी मराठीतून अंतिम उपदेश केला. तो ध्वनिमुद्रित झाला आहे. देह क्षीण झाला होता, तरी वाणीत खेद नव्हता. श्रावकांकडे त्यांनी कठोर तप मागितले नाही. रोज आत्मचिंतन करण्यास सांगितले. सहा घटिका उत्तम, चार मध्यम, दोन किमान. तेवढेही न जमल्यास निदान पाच मिनिटे! १८ सप्टेंबर रोजी समाधिमरण झाले.

अशी समता अखेरच्या दिवशी अकस्मात लाभत नाही. दोन घटिका म्हणजे ४८ मिनिटे. सामायिकात तेवढा काळ राग-द्वेष दूर ठेवण्याचा अभ्यास होतो, तर प्रतिक्रमणात दिवसभराच्या दोषांची कबुली दिली जाते. तुटलेला धागा वेळीच सांधला नाही, तर कापडात दोष राहतो, हे यंत्रमागांच्या कबनूरला वेगळे सांगणे नलगे. मनाचेही तसेच आहे. मंदीत, आजारपणात वा वियोगात धीर देणारी शिदोरी सुखाच्या दिवसांतच बांधावी लागते. महाराजांनी मागितलेली पाच मिनिटे प्रत्येक घराला परवडणारी आहेत.