वर्धा शिक्षणयोजनेतील गणित आणि महाविद्यालयीन प्रारंभपातळीचा प्रश्न

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी गणित कोठून सुरू करावयाचे, हा प्रश्न सामान्यतः अभ्यासमंडळांच्या बैठकींतील तपशिलाचा मानला जातो. परंतु विद्यार्थ्याने शाळेत काय शिकले असे महाविद्यालय गृहीत धरते, याचे उत्तर त्यात दडलेले असते. हे गृहीत आणि प्रत्यक्ष यांतील अंतर ज्या ठिकाणी अत्यंत स्पष्टपणे उघडकीस आले, त्यांत वर्धा जिल्ह्याचे स्थान विशेष आहे. शालेय गणिताचा नवा पाया येथेच मांडला गेला. परंतु त्या पायावर महाविद्यालयाची पहिली पायरी कशी बसवावी, हे मात्र अनिर्णित राहिले.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तीत नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी आपला अहवाल सादर केला. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, के. जी. सैय्यदैन, के. टी. शहा प्रभृती होते, तर ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे निमंत्रक होते. सात ते चौदा या वयाच्या मुलांसाठी सात वर्षांचा, मातृभाषेतून आणि हस्तव्यवसायाच्या अनुबंधाने द्यावयाचा अभ्यासक्रम समितीने आखला.

या अभ्यासक्रमाचे वेळापत्रक लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. रोजच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास दिली होती, आणि संगीत, चित्रकला व अंकगणित या तिहींना मिळून ४० मिनिटे. वर्षाचे कामाचे दिवस २८८ धरले होते. म्हणजे उद्योगास वर्षाला ९६० तास मिळत, तर अंकगणितासह तीन विषयांना मिळून १९२ तास. यावरून गणिताकडे दुर्लक्ष झाले असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. टकळी, चरखा, माग व शेत यांच्या ९६० तासांतच गणिताचे बहुतेक शिक्षण व्हावे, असा समितीचा अभिप्राय होता. आपल्या उद्योगात आणि घर व समाज यांच्या व्यवहारात येणारी सामान्य गणिते त्वरेने सोडविण्याची शक्ती, हे विषयाचे ध्येय ठरविण्यात आले. मूळ चार रीती, नाणी-लांबी-वजन यांची परिमाणे, व्यवहारी व दशांश अपूर्णांक, त्रैराशिक, एकमान पद्धती, व्याज, क्षेत्रमापनाची मूलतत्त्वे, व्यावहारिक भूमिती आणि जमाखर्च ही त्याची अंगे होत. बीजगणित हे मात्र या यादीत स्वतंत्र अंग म्हणून आढळत नाही.

प्रस्तुत प्रश्नाचा गाभा येथेच आहे. इंग्रजी वगळून मॅट्रिक्युलेशन आणि त्यात एका उद्योगाची भर, असे या शिक्षणाच्या पातळीचे वर्णन गांधीजींनी केले होते. परंतु मॅट्रिकच्या गणितात अंकगणिताबरोबर बीजगणित आणि युक्लिडच्या परंपरेतील सिद्धतांची भूमिती यांचा समावेश असे, आणि महाविद्यालयाच्या इंटरमिजिएट वर्गातील गणित तेथूनच पुढे चाले. तेव्हा पातळी समान असल्याचे प्रतिपादन आणि प्रत्यक्ष यादी यांचा मेळ बसत नव्हता. चौदाव्या वर्षी शिक्षण संपविणाऱ्या मुलास या विसंगतीची झळ लागली नसती. पुढे शिकू इच्छिणाऱ्यास मात्र ती लागणे अपरिहार्य होते.

तथापि, उद्योगातून उच्च गणिताकडे वाटच जात नाही, असे म्हणणे यथार्थ ठरणार नाही. सुताचा अंक हेच उदाहरण घ्यावे. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी भरतील, तितका त्या सुताचा अंक. १६ अंकाच्या एका पौंड सुताची लांबी १३,४४० वार होते. लांबी तीच ठेवून अंक दुप्पट केला की वजन निम्मे होते. हे व्यस्त प्रमाण सूत कातणारे मूल रोज पाहते. आता घनता सारखी मानल्यास, ६४ अंकाच्या सुताचा छेद १६ अंकाच्या सुताच्या छेदाच्या चतुर्थांश, पण व्यास निम्मा असतो; म्हणजे व्यास अंकाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. येथे त्रैराशिक अपुरे पडते आणि अक्षरचिन्हांची गरज भासू लागते. चलराशी, फल आणि आलेख या महाविद्यालयीन गणिताच्या मूलभूत कल्पनांचे बीज चरख्यापाशीच होते. या बीजास चिन्हांची भाषा देणारा पुढील टप्पा मात्र योजनेच्या मूळ आराखड्यात नव्हता.

याच प्रश्नाची दुसरी बाजू माध्यमाची होय. अंकगणित, बीजगणित, भूमिती इत्यादी विषय इंग्रजीतून शिकण्यास आपणांस चार वर्षे लागली, गुजरातीतून ते एका वर्षात सहज आले असते, असे गांधीजींनी १९३८ साली ‘हरिजन’मध्ये लिहिले. हा अनुभव ग्राह्य मानला तर महाविद्यालयात दिसणारी ‘कच्ची तयारी’ कित्येकदा गणिताची नसून भाषेची असते, असे म्हणावे लागते. नागपूर येथे डॉ. रघुवीर यांनी हाती घेतलेल्या परिभाषानिर्मितीचे महत्त्व या दृष्टीने लक्षात येते. परंतु संस्कृतप्रचुर नव्या संज्ञा शिकणे हेही विद्यार्थ्यास एक नवे ओझे ठरू शकते, हे विसरून चालणार नाही.

१९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर नयी तालीमची कक्षा पूर्वबुनियादीपासून प्रौढशिक्षणापर्यंत विस्तारली आणि उत्तर बुनियादी हा किशोरवयीनांचा टप्पा पुढे आला. १९५० नंतरच्या दशकात त्याच्या प्रमाणपत्रास विद्यापीठप्रवेशासाठी मान्यता देण्याचा प्रश्न वारंवार चर्चिला गेला. दरम्यान वर्धा शहरात १९४० साली गोविंदराम सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालय निघाले होते. सेवाग्रामपासून केवळ काही मैलांवर, जमाखर्च हाच ज्याचा पाया असे महाविद्यालय उभे होते. परंतु त्याच्या दारातून जाण्यास हिशेबाचे ज्ञान पुरेसे नव्हते, मान्यताप्राप्त परीक्षेचे प्रमाणपत्र लागे.

अखिल भारतीय पातळीवरील आयोगांनी हा प्रश्न मुख्यतः वर्षांच्या हिशेबाने सोडविण्याचा प्रयत्न केला. कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (१९१७–१९) विद्यापीठाची सीमारेषा इंटरमिजिएटनंतर ओढली. राधाकृष्णन् आयोगाने (१९४८–४९) बारा वर्षांच्या अध्ययनानंतर प्रवेश सुचविला. मुदलियार आयोगाने (१९५२–५३) इंटरमिजिएट मोडून त्याचे एक वर्ष शाळेकडे व एक पदवीकडे वळविण्याची शिफारस केली. आणि कोठारी आयोगाने (१९६४–६६) दहा वर्षांच्या शालेय शिक्षणात गणित सर्वांस आवश्यक करावे असे सांगितले. रेषा सरकत गेली, परंतु रेषेपाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास नेमके काय येते, हे पाहण्याची व्यवस्था झाली नाही.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या काही प्रवेशांसाठी बारावीच्या गणिताची अट शिथिल केली आणि उणीव सेतु-अभ्यासक्रमाने भरून काढण्याचे काम विद्यापीठांवर सोपविले. अशा सेतूचे एक टोक महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात असते, हे सर्वांस मान्य असते. त्याचे दुसरे टोक कोठे टेकवावयाचे, याविषयी वर्ध्याचा इतिहास काही सांगू शकतो. विद्यार्थी किती इयत्ता शिकला यापेक्षा तो कोणत्या राशी स्वतः हाताळतो, त्यांतील संबंध कोणत्या भाषेत सांगतो आणि चिन्हांत मांडू शकतो की नाही, या तीन गोष्टींवरून प्रारंभपातळी ठरणे अधिक न्याय्य होय. वर्धा योजनेने यांपैकी पहिल्या दोहोंचा विचार केला, विद्यापीठांनी तिसरीचा. दोहोंची सांगड न पडल्यामुळे सुताचा अंक बिनचूक काढणारा विद्यार्थी बीजगणिताच्या वर्गात अडाणी ठरण्याचा धोका राहिला, आणि त्याच्या जवळचे ज्ञान महाविद्यालयाच्या उपयोगी पडण्याची संधी गेली.