प्लेसेंटर

न्यूझीलंडमधील पालकांनी सहकारी तत्त्वावर चालवलेली, खेळावर आधारलेली बालशिक्षण संस्था. पहिले केंद्र १९४१ मध्ये वेलिंग्टनच्या कारोरी या उपनगरात निघाले. महायुद्धामुळे अनेक पुरुष आघाडीवर होते. घरी एकट्या पडलेल्या आयांना थोडी उसंत आणि मुलांना सवंगडी मिळावेत, ही त्यामागील गरज. बिॲट्रिस बीबी या संस्थापकांपैकी एक. १९४८ मध्ये केंद्रांचा देशव्यापी महासंघ स्थापन झाला. ग्वेन सॉमरसेट त्याच्या पहिल्या अध्यक्षा. १९३७ मध्ये न्यूझीलंडला येऊन गेलेल्या ब्रिटिश बालमानसशास्त्रज्ञ सूझन आयझॅक्स यांच्या विचारांचा चळवळीवर प्रभाव होता.

जन्मापासून शाळेत जाईपर्यंतची मुले येथे एकत्र खेळतात. वाळू, पाणी, चिकणमाती, रंग, ठोकळे, सुतारकाम, वेषांतराचे कपडे असे सगळे मांडून ठेवलेले असते आणि काय खेळायचे, किती वेळ खेळायचे हे मूल ठरवते. मोठ्यांनी सोबत राहावे, निरीक्षण करावे, पण खेळ हाती घेऊ नये, अशी अपेक्षा असते. हे वाटते तितके सोपे नाही. म्हणूनच पालकांचे प्रशिक्षण हा या पद्धतीचा खरा कणा आहे. हिशेब, साफसफाई, साहित्याची देखभाल हेही पालकच पाहतात. घरकामात अडकलेल्या अनेक स्त्रियांना येथेच सभा चालवण्याचा आणि निर्णय घेण्याचा पहिला अनुभव मिळाला. बालशिक्षणाइतकेच हे योगदान मोलाचे आहे. दोन्ही पालक नोकरी करू लागल्यावर मात्र असा वेळ काढणे कुटुंबांना कठीण जाऊ लागले.