अंगठ्याचा नाद : इंडियानापोलिस ते न्यूयॉर्क, १९५९

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात गिटारवादक वेस माँटगोमेरी दिवसा कारखान्यात राबत आणि रात्री क्लबमध्ये वाजवत. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यांनी पिक सोडून अंगठ्याने तारा छेडल्या. तो मऊ, भरदार नादच त्यांची ओळख ठरला. १९५९ साली सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली यांनी ते वादन ऐकले आणि रिव्हरसाइड कंपनीच्या ऑरिन कीपन्यूज यांना कळवले. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्यांच्या त्रयीचा अल्बम ध्वनिमुद्रित झाला; ऑर्गनवर मेल्विन राइन, ड्रम्सवर पॉल पार्कर होते. माँटगोमेरी तेव्हा ३६ वर्षांचे होते. १९६८ साली, अवघ्या ४५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. त्यामुळे अशी ध्वनिमुद्रणे हेच त्यांच्या कलेचे खरे दफ्तर होय.