पापिनचे भांडे आणि सणाचे हॅम

१/
१२ एप्रिल १६८२, लंडन. रॉयल सोसायटीचे काही सदस्य त्या दिवशी एका आगळ्या भोजनासाठी जमले होते. मासे, मांस, कबुतरे, सारे काही एकाच प्रकारच्या बंद भांड्यांत शिजवलेले होते. जॉन एव्हलिन या दैनंदिनीकाराने त्या पंगतीची नोंद करून ठेवली आहे. गाय व मेंढी यांची कठीण हाडे चीजसारखी मऊ झाली होती, मासे काट्यांसकट खाता आले, आणि या सगळ्याला आठ औंसांहूनही कमी, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आत कोळसा लागला. हाडांपासून केलेली जेली त्याला इतकी आवडली की थोडी त्याने पत्नीसाठी घरी पाठवली.

२/
त्या भांड्याचे नाव होते ‘डायजेस्टर’, अर्थात पाचक. आज ज्याला आपण प्रेशर कुकर म्हणतो त्याचा हा मूळपुरुष. पाश्चात्त्य घरांत नाताळ किंवा ईस्टरला साखरेचा चकचकीत मुलामा दिलेले हॅम याच भांड्याच्या वंशजात तासाभरात मऊ होते. परंतु हे यंत्र घडले ते सणाच्या मेजवानीसाठी नव्हे. जे अन्न म्हणून फेकून दिले जाते त्यातून अन्न काढावे, हा त्यामागचा हेतू होता. तो हेतू कुठवर सफल झाला आणि तो बाळगणाऱ्याचे काय झाले, याची ही हकिकत.

३/
डेनिस पापिन हा १६४७ साली फ्रान्समधील ब्लॉया शहराजवळ जन्मलेला ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट. शिक्षण वैद्यकाचे, ओढा मात्र यंत्रांकडे. पॅरिसमध्ये त्याने ख्रिस्तियान हायगेन्सच्या हाताखाली हवेच्या पंपावर प्रयोग केले. १६७५ मध्ये तो लंडनला आला आणि रॉबर्ट बॉइलचा साहाय्यक झाला. हवेचा दाब, निर्वात पोकळी, वाफ हे त्या काळच्या विज्ञानाचे सर्वांत ताजे विषय होते आणि या तरुणाला ते थोर गुरूंच्या प्रयोगशाळेतच शिकायला मिळाले.

४/
१६७९ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे डायजेस्टर मांडला. रचना साधी होती. जाड धातूचे दंडगोलाकार भांडे आणि स्क्रूने आवळून बसवलेले झाकण. उघड्या पातेल्यातले पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. खालचा विस्तव कितीही वाढवला तरी ते त्याहून तापत नाही, फक्त लवकर आटते. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि दाबाबरोबर उकळबिंदूही वर सरकतो. आजच्या कुकरमध्ये बाहेरच्या हवेच्या दाबाइतकाच आणखी दाब साठतो, तेव्हा आतले तापमान सुमारे १२१ अंशांवर जाते. अवघ्या वीस अंशांचा हा फरक तासांची मिनिटे करतो.

५/
कोंडलेली वाफ भांडे फोडू शकते, हे पापिनला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने झाकणाला एक छिद्र ठेवले, त्यावर झडप बसवली आणि ती दांड्याला टांगलेल्या वजनाने दाबून धरली. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वजन उचलले जाई, वाफ निसटे आणि वजन पुन्हा खाली बसे. सुरक्षा झडप ती हीच. आपल्या स्वयंपाकघरात ‘तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर’ असे सांगितले जाते, तेव्हा शिट्टीचे जे वजन वर उचलले जाते ते याच कल्पनेवर चालते.

६/
आत किती तापले आहे, हे कळावे कसे? फॅरनहाइटचा पाऱ्याचा तापमापक यायला अजून तीन दशके अवकाश होता. पापिनची युक्ती अशी : झाकणावर पाण्याचा थेंब टाकायचा आणि तो किती वेळात उडून जातो ते लंबकाच्या आंदोलनांवर मोजायचे. थेंब जितका लवकर आटेल तितका विस्तव तेज. स्वयंपाकाला मोजमापाची शिस्त लावण्याचा हा फार जुना आणि फार सुंदर प्रयत्न होय.

७/
१६८१ मध्ये त्याने या यंत्रावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या लांबलचक शीर्षकातच हाडे मऊ करण्याचा उल्लेख आहे, आणि स्वयंपाक, सागरी प्रवास, मिठाई, पेये, रसायनविद्या व रंगकाम असे उपयोगही त्यात मोजले आहेत. या यादीवरून त्याची दृष्टी कळते. सरदारांच्या मेजवानीपेक्षा जहाजावरचा खलाशी आणि जळण महाग पडणारे घर त्याच्या नजरेसमोर होते. निबर मांस आणि हाडे अन्न ठरली, तेही मूठभर कोळशात, तर स्वस्ताईचे एक नवे दार उघडणार होते.

८/
परंतु घरोघरी हे भांडे पोचले नाही. ते जड होते, महाग होते आणि वापरणाऱ्याला धाक वाटावा असे होते. इकडे पापिनच्या पायाखालची जमीनही सरकली. १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीने नांतच्या फर्मानाने ह्यूगनॉटांना धर्माचरणाची मुभा दिली होती. १६८५ च्या ऑक्टोबरात चौदाव्या लुईने ती रद्द केली. धर्म न बदलता मायदेशी परतण्याची वाट बंद झाली. पापिन जर्मनीत गेला आणि हेसे-कासेलचा अधिपती कार्ल याच्या आश्रयाने मारबुर्ग येथे गणिताचा प्राध्यापक झाला.

९/
वाफेच्या बळाशी जवळून झालेली ओळख तिथे फळाला आली. १६९० मध्ये त्याने एक कल्पना प्रसिद्ध केली : नळकांड्यात थोडे पाणी तापवायचे, वाफेने दट्ट्या वर जाईल, वाफ निवली की खाली पोकळी होईल आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली ढकलेल. वाफेच्या इंजिनाच्या इतिहासातील ही एक पायाभूत कल्पना. १७०७ मध्ये तो चाकांच्या नौकेतून फुल्डा नदीने निघाला, पण म्युंडेन येथे नावाड्यांच्या संघाने ती नौका मोडून टाकली. ही नौका वाफेवर चालत होती, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. तिची चाके माणसांच्या बळावर फिरत होती.

१०/
तो लंडनला परतला तेव्हा बॉइल व हूक हे दोघेही हयात नव्हते. सोसायटीचे अध्यक्षपद आयझॅक न्यूटनकडे होते. पापिनने मदतीसाठी अर्ज केले, नव्या योजना मांडल्या. हाती फारसे काही आले नाही. जानेवारी १७१२ मधील एका पत्रानंतर त्याचा आवाज ऐकू येत नाही, आणि १७१३ च्या सुमारास हलाखीत त्याचे निधन झाले. त्याच १७१२ साली इंग्लंडमध्ये डडली कॅसलजवळ थॉमस न्यूकोमेनचे इंजिन खाणीतले पाणी उपसू लागले. नळकांडे, दट्ट्या आणि निवणारी वाफ : तत्त्व तेच होते, नाव दुसऱ्याचे झाले.

११/
हाडांतून गरिबांचे पोट भरण्याचे स्वप्न मात्र पापिनबरोबर संपले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये रसायनज्ञ दार्से याने हाडांतून जिलेटिन काढून त्याचे सूप रुग्णालये व धर्मादाय संस्थांत द्यावे, असा आग्रह धरला. कल्पना मोहक होती : टाकाऊ हाडे, वाफेची यंत्रे आणि हजारो भुकेली माणसे. पण ते सूप पिणाऱ्यांच्या अंगी बळ येईना. शंका वाढल्या तेव्हा फ्रेंच विज्ञान अकादमीने समिती नेमली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ माझांदी याने मांडलेल्या १८४१ च्या अहवालाने दाखवून दिले की केवळ जिलेटिनवर ठेवलेले कुत्रे तग धरत नाहीत.

१२/
याचे कारण आज ठाऊक आहे. शरीराला बाहेरूनच मिळवावी लागणारी काही अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी ट्रिप्टोफॅन जिलेटिनमध्ये अजिबात नसते. म्हणजे पापिनचे यंत्र आपले काम चोख करत होते. हाडातील कोलॅजेन विरघळून जेली होत होती. चूक होती ती ‘मऊ झाले म्हणजे पोषक झाले’ या समजुतीत. गरिबांना काय पुरेल हे ठरवताना त्यांच्या ताटात स्वस्त उरलेसुरले वाढून समाधान मानण्याची सवय राज्यकर्त्यांना आणि दात्यांनाही असते. या अहवालाने त्या सवयीला प्रयोगाने उत्तर दिले. इतिहासातील हा प्रसंग म्हणूनच विसरू नये.

१३/
पुढे या भांड्याने अनेक घरे केली. १८७९ मध्ये, डायजेस्टरच्या बरोबर दोनशे वर्षांनी, पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ याने त्याच तत्त्वावर जंतुनाशनाचे ऑटोक्लेव्ह तयार केले. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘प्रेस्टो’ हा हलका घरगुती कुकर मांडला गेला. महायुद्धात ॲल्युमिनियम लढाऊ कामांकडे वळले. युद्धानंतर कुकरची लाट आली. भारतात १९५९ च्या सुमारास हॉकिन्स व प्रेस्टिज यांचे कुकर बनू लागले, आणि डाळ-भाताच्या देशात ते भांडे असे रुळले की त्याचे परकेपण कुणाला जाणवेनासे झाले.

१४/
आता हॅमकडे वळू. हॅम म्हणजे डुकराची मीठ लावून टिकवलेली मांडी. युरोपात शरद सरताना डुकरे कापत, कारण हिवाळाभर त्यांना पोसायला चारा नसे आणि थंडीत मांस नासत नसे. मिठात मुरलेली मांडी पुढे सणाला बाहेर निघे. नाताळला किंवा उपवासाचा काळ संपल्यावर ईस्टरला. जुन्या पद्धतीचे हॅम इतके खारट व कोरडे असे की आधी ते पाण्यात भिजत ठेवावे लागे, मग मंद आचेवर तासन्‌तास उकळावे लागे, आणि शेवटी साखर, मोहरी, लवंगा लावून भट्टीत लाल करावे लागे. शिजवणे निराळे आणि झळाळी आणणे निराळे, ही विभागणी कुकरच्या कितीतरी आधीची आहे.

१५/
प्रेशर कुकर यातले पहिले काम उत्तम करतो. १२१ अंशांच्या ओल्या वाफेत सांध्याजवळचे चिवट कोलॅजेन लवकर जिलेटिन बनते. एव्हलिनच्या पानातली जेली ती हीच. दुसरे काम त्याच्याने होत नाही. साखरेचा मुलामा लाल व्हायचा तर पृष्ठभाग कोरडा हवा आणि आच खूप जास्त हवी. साधी साखर करपून तपकिरी व्हायला साधारण १६० अंश लागतात. वाफेत ती नुसती वितळून खाली ओघळते. घट्ट पाक तळाशी साचला तर वाफ धरत नाही आणि करपतो. म्हणून जाणते आचारी कुकरात पातळ रस किंवा पाणी घालतात, हॅम बाहेर काढतात, उरलेला रस साखर-मोहरीबरोबर आटवून वरून माखतात आणि दहा-पंधरा मिनिटे तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवतात.

१६/
गोव्यातही नाताळचे सोरपोतेल असेच दोन पायऱ्यांनी होते : मांस आधी उकडायचे, मग बारीक चिरून परतायचे आणि मसाल्यात मुरवायचे. पहिल्या पायरीला आज अनेक घरांत कुकर असतो, दुसरीला कढईच लागते.

१७/
पापिनचे भांडे कठीण ते मऊ करते. चव आणि रंग आणायला दुसरा विस्तव लागतो, आणि भुकेल्याचे पोट भरायला नुसत्या जेलीहून अधिक काही लागते. हा धडा शिकायला दीड शतकाहून अधिक काळ गेला. ज्याने भांडे दिले त्याला स्वतःच्या अखेरच्या दिवसांत लंडनमध्ये कुणाचा आधार मिळाला नाही. आज जगभरच्या स्वयंपाकघरांत रोज ते वजन उचलले जाते, वाफ निसटते आणि वजन पुन्हा खाली बसते. त्या आवाजाला पापिनचे नाव जोडले जात नाही. निदान इतिहास वाचणाऱ्यांनी तरी ते जोडावे.

(समाप्त)