आधी मंजुरी, मग घर

परवा पुतण्याचा फोन आला. "काका, फ्लॅट आवडलाय, उद्या टोकन देतोय." मी विचारलं, बँकेनं किती देऊ म्हटलंय? तर म्हणे, ते बघू नंतर. मला एकदम १९९४ आठवलं.

तेव्हा बाबांनी डोंबिवलीत एका जुन्या इमारतीत वन रूम किचन पाहिलं होतं. १५ हजार रुपये विसार दिला, साध्या कागदावर पावती घेतली आणि मग कर्जाच्या मागे लागले. पगाराच्या स्लिपा, ऑफिसचा दाखला, दोन जामीनदार. दीड महिन्यानं कळलं, पगारावर हवं त्याच्या निम्मंच कर्ज बसतंय. तोवर पावतीवरची मुदत संपली. मालकानं घर दुसऱ्याला विकलं, विसार बुडाला. आईच्या पाटल्या त्यातच गेल्या होत्या.

चूक एकट्या बाबांची नव्हती. आपल्याकडे क्रमच तसा होता, कारण सामान्य माणसाला घरासाठी कर्ज ही गोष्टच उशिरा आली. १९१५ साली गावदेवीत सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली, ती दहा जणांनी एकत्र यायचं या हिमतीवर. बाकीच्यांचं घर म्हणजे पीएफ, दागिने, गावची जमीन आणि सासरेबुवा. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एचडीएफसी काढली, तेव्हा ते निवृत्तीच्या वयाचे होते. नोकरदारानं म्हातारपणी नाही, कमावत्या वयात घर घ्यावं, हा त्यांचा विचार. १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली. कर्ज मिळू लागलं, पण आधी घर दाखवा, मग बोला, हाच रिवाज राहिला.

कारण साधं होतं. तुमची पत दुसऱ्या बँकेत कशी आहे, हे कळायला सोयच नव्हती. म्हणून जामीनदार लागायचे. २००० साली सिबिल स्थापन झाली आणि काही वर्षांत कर्जदारांची माहिती एका जागी मिळू लागली. तेव्हा कुठे बँकेला घर न बघताही माणूस तपासता येऊ लागला. यालाच तत्त्वतः मंजुरी म्हणतात.

ती मंजुरी म्हणजे कर्ज हातात आलं असं नाही, हे मात्र नीट समजून घ्या. बँक दोन गोष्टी तपासते: माणूस आणि मालमत्ता. मंजुरीपत्रात फक्त माणूस पास झालेला असतो. घराचे कागद, बांधकाम परवानगी, मूल्यांकन हे नंतर. पत्राला मुदतही असते, बहुधा तीन ते सहा महिने.

तरी त्याचा उपयोग मोठा. आपली उडी किती, ते घर बघायच्या आधी कळतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळू शकते, ७५ लाखांच्या वर ७५ टक्क्यांपर्यंत. वरचे पैसे आपले, स्टॅम्प ड्युटीही सहसा आपलीच.

आणि टोकनचं काय? बिल्डरला नोंदणीकृत कराराआधी १९६३ च्या कायद्यानं २० टक्क्यांपर्यंत घेता यायचे, रेरा आल्यावर ती मर्यादा १० टक्के झाली. पण जुनं घर मालकाकडून घेताना हे संरक्षण नाही. तिथं पावतीवर काय लिहिलंय तेच तुमचं नशीब. 'कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत' ही एक ओळ लिहून घ्या. बाबांच्या पावतीवर ती नव्हती.

पुतण्याला म्हटलं, उद्या टोकन नको देऊस, आधी बँकेत जा. थोडा नाराज झाला. फ्लॅट जाईल म्हणाला. जाऊ दे. फ्लॅट दुसरा मिळतो, बाबांना त्या १५ हजारांची भरपाई करायला तीन वर्षं लागली.

तुमच्याकडे कुणाचा विसार असा अडकला होता का? लिहा, दुसरा कुणी वाचेल.